उचलून घेऊ ना, ताई!

अजिंठ्याला जायचं ठरलं आणि पंधरा दिवस मी नुसते फोन करत होते. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, हे गणित पाच मिनिटांत सुटलं. अडलं ते बाथरूमच्या दाराशी. माझी व्हीलचेअर २५ इंची. छत्रपती संभाजीनगरातल्या एका हॉटेलवाल्याला म्हटलं, टेपने मोजून सांगा, तर तो हसला. "मॅडम, आजवर कुणी अडकलं नाही!" पायऱ्यांचं विचारलं की सगळीकडे "एकच आहे." ही एकच पायरी कधी चार इंचांची असते, कधी ओट्याएवढी. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "तुम्ही या तर खरं, पोरं आहेत, उचलून घेऊ."

या 'उचलून घेऊ'चा मला तिटकारा आहे. त्यात माया असते, कळतं मला. पण अनोळखी पोरं काखेत हात घालतात, कुर्ता वर सरकतो, एक पाय लोंबकळत राहतो, आणि वर कुणीतरी म्हणतं, "काही वजनच नाही हो ताईंचं!"

भाचीबरोबर पुण्याहून गाडीने गेले. हॉटेलच्या बाथरूमचं दार २४ इंची निघालं. मॅनेजरने बिजागऱ्यांतून दार काढलं, चादर लावली. व्हीलचेअर घासत आत गेली. दोन दिवस चादरीआड अंघोळ!

अजिंठ्याला आपली गाडी चार किलोमीटर अलीकडेच सोडावी लागते, पुढे बस. तिथे उचलून घेतलंच. कुर्ता सरकलाच.

लेण्यांच्या पायथ्याशी डोलीवाले. खुर्चीला दोन दांडे, चार माणसं. त्यांच्यातले साठीचे काका आधी माझ्यासमोर उकिडवे बसले. "ताई, कुठं धरलं तर दुखतं? पाय आखडतो का?" अपघाताला एकोणीस वर्षं झाली. उचलण्याआधी हे कुणी विचारलं नव्हतं. ओढणी सावरून घ्या म्हणाले, तोवर थांबले. चढावर मागच्या दोघांनी दांडे खांद्यावर घेतले, पुढच्यांनी हात खाली सोडले. खुर्ची सपाटच राहिली. आणि ही हमाली नव्हे, कसब आहे, हे त्यांनाही माहीत होतं. पैसे ठरवताना एक रुपया सोडला नाही. मला ते फार आवडलं.

पहिल्या लेण्याशी डोलीतून पुन्हा व्हीलचेअरवर बसले. आत जाताना चपला काढायच्या. मग चाकांचं काय? रखवालदार विचारात पडला. काकांनी खांद्यावरच्या पंच्याने दोन्ही चाकं पुसून दिली. आत अंधुक उजेड, पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर गर्दी, आणि माझ्या डोळ्यांसमोर लोकांच्या पाठपिशव्या. भाची ओरडली तेव्हा कुठे फट पडली. त्या झुकलेल्या पापण्या मी पोटभर पाहिल्या.

बाकीची लेणी पुन्हा कधीतरी लिहीन.

उतरताना काकांना बाथरूमच्या दाराची गोष्ट सांगितली.

"कितीनं कमी पडलं?"

"एक इंच."

"मग परत बसवू नका म्हणावं. पुढचं कुणी येईल."