बारीक पोरीचा तिसरा नंबर

माण तालुक्यातल्या एका शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवतो. आमच्या एका मुलीची क्रीडा प्रबोधिनीसाठी, म्हणजे शासनाच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्रासाठी, निवड झाली, त्याला दोन वर्षं लागली.

आधी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी सातवीतला एक मुलगा धावणं, उडी, गोळा, सगळ्यात पहिला यायचा. मी त्याच्याच मागे लागलो, बाकीच्यांकडे पाहिलंच नाही. नववीत बाकीची पोरं उंचीने त्याच्या बरोबरीला आली आणि त्याचा नंबर गेला. पुढे तो मैदानावर यायचाच बंद झाला. तो लवकर वाढीला लागला होता आणि त्या वाढीलाच मी गुणवत्ता समजलो. चौदा वर्षांखालच्या गटात जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच रेषेवर उभं राहतं. त्या वयात अकरा महिने फार असतात. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे जन्मतारीख, उंची आणि दर तीन महिन्यांनी घेतलेली धावण्याची वेळ असते.

ही मुलगी पाचवीत होती. वर्गात सगळ्यात बारीक. फक्कीने आखलेल्या 200 मीटरच्या मैदानावर 800 मीटर पळवलं, तर ती तिसरी आली. पण प्रत्येक फेरीची वेळ मी लिहून घेतली होती. पहिल्या आलेल्या मुलीची सुरुवातीची फेरी 40 सेकंदांची आणि शेवटची 51. हिच्या चार फेऱ्या 46, 47, 47, 45. अनवाणी. पळून झाल्यावर बाकीच्या मुली खाली बसल्या, ही हौदावर पाणी प्यायला चालत गेली. ते पाहूनच मी हिला तयार करायचं ठरवलं.

प्रबोधिनीसाठी 8 ते 14 वयाच्या मुलांच्या नऊ चाचण्या होतात : उंची, वजन, लवचिकता, 30 मीटर फ्लाइंग स्टार्ट (आधीपासून पळत येऊन), 6×10 मीटर शटल रन (दहा मीटरच्या सहा येरझाऱ्या), उभ्याने लांब उडी, व्हर्टिकल जंप (जागेवरून वर उडी), एक किलोच्या मेडिसिन बॉलची (जड चेंडूची) फेक आणि 800 मीटर. चाचण्यांची भीती नव्हती. अडलं ते कागदावर. शाळेच्या जनरल रजिस्टरला तिची जन्मतारीख 1 जून. आमच्याकडे ज्याची तारीख ठाऊक नाही त्याची ती 1 जूनच लावली जायची. आई म्हणाली, "ऊसतोडीच्या दिवसांत, थंडीत झाली की हो ही, आजोळी." आजोळ आटपाडीकडचं. मी तिथल्या ग्रामपंचायतीत दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला नोंद सापडली, डिसेंबरातली. म्हणजे आम्ही धरलं होतं त्याहून ती सहा महिन्यांनी लहान! मग जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव. रजिस्टरमधली तारीख शाळेला आपल्या अधिकारात बदलता येत नाही, वरून मान्यता यावी लागते. ती येईपर्यंत पावसाळा संपला.

वडील तयार नव्हते. "सर, एवढीशी पोर लांब कशी ठिऊ?" मी त्यांना फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवचं सांगितलं. मजुरी करणाऱ्या घरातला मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून प्रबोधिनीत गेला, आधी धावायचा, तिथे धनुर्विद्येकडे वळला आणि टोकियो ऑलिंपिकला खेळला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आईने विचारलं, "तिथं पोटभर जेवाय मिळंल न्हवं?" राहणं, जेवण, शिक्षण, सराव सगळं शासनाकडून असतं हे कळल्यावर तिनेच नवऱ्याला समजावलं.

पहिल्या वर्षी जिल्ह्याची निवड फेरी पार केली, विभागाच्या फेरीत मागे राहिलो. बॉलची फेक कमी पडली. आमच्याकडे मेडिसिन बॉलच नव्हता! मग जाड कापडाची पिशवी शिवून घेतली, वाळू भरली, किराणा दुकानाच्या काट्यावर बरोबर किलोभर तोलली. रोज परिपाठाआधी वीस फेकी. मध्ये गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागलं. उंची झपाट्याने वाढताना असं होतं. पंधरा दिवस उड्या बंद ठेवल्या. तिला ते आवडलं नाही, पण मी ऐकलं नाही.

दुसऱ्या वर्षी निवड झाली, ॲथलेटिक्ससाठी.

यंदाच्या पाचवीच्या नोंदी सुरू केल्यात. 41 मुलं. दोघांपुढे पुन्हा 1 जून दिसतोय, त्यातल्या एकाच्या फेऱ्या अगदी एकसारख्या आहेत. शनिवारची शाळा सुटली की त्याच्या आजोळी जाऊन येतो.