तुम्ही विचारलंत म्हणून : मुलाच्या खोलीला रात्री कडी का लावत नाही

गुहागर तालुक्यात, समुद्राला पाठ लावून उभं असलेलं आमचं कौलारू घर. पुढच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. ज्यांच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल असतं, त्यांची नजर पहिल्या संध्याकाळीच आमच्या मधल्या खोलीकडे जाते. तिथे चौकटीत कमरेएवढं लाकडी अर्धं दार बसवलंय. मग प्रश्न येतो, "रात्री मुलाला आत कोंडता का हो? आमचा तर उठला की थेट दाराशी जातो. आम्ही बाहेरून कडी लावावी का?"

नाही, लावू नये. बाहेरून कडी, कुलूप, दोरीची गाठ यातलं काहीच नको, आणि या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. रात्री शॉर्टसर्किट झालं तर? सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तापात झटके येऊ शकतात, तसा झटका आला तर? आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते ती कधी येईल याचा नेम नसतो. त्या काळोखात घाबरलेल्या माणसानं गंजलेली कडी चाचपत बसणं मला मान्य नाही. आणि मूलही दार वाजवून, रडून थकतं. तिथून पुढे त्याला त्या खोलीचीच भीती बसते, आणि मग झोपवणं दुप्पट अवघड होतं.

दार ओढून घ्यायला मात्र माझी हरकत नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये तर झोपताना खोलीचं दार लोटून ठेवावं, आग लागली तर बंद दारामुळे धूर उशिरा आत येतो. आमच्यासारख्या घरात खोल्यांमधल्या भिंती आढ्यापर्यंत जातच नाहीत, वरून सगळं मोकळं. तिथे बंद दाराचा तेवढा उपयोग नाही. म्हणून अर्धं दार.

पण त्या दाराआधी घराची रचना सांगते, कारण खरा धोका तिच्यात आहे. रस्त्याकडून आलात की अंगण, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, पडवी, आणि मग मागील दार. मागील दाराबाहेर पाच पावलांवर विहीर, तिच्याशेजारी पाणी साठवायची दगडी डोण, पुढे नारळी-पोफळीचं आगर आणि आगराच्या टोकाला पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. इथली बरीच घरं अशीच एका रेषेत आहेत. दिवसा ही रेषा सुंदर असते. रात्री अंथरुणातून उठलेल्या दोन वर्षांच्या पोराला मात्र ती सरळ विहिरीकडे नेते.

लोकांना मध्यरात्रीची भीती वाटते. माझ्या मते धोक्याची वेळ पहाटेची. मध्यरात्री सगळी दारं बंद असतात. पहाटे आजी उठते, मागील दार उघडून न्हाणीकडे जाते, चूल पेटवते, आणि दार तसंच राहतं. आजीच्या कुशीत झोपलेलं मूल कूस रिकामी झाली की जागं होतं आणि तिच्या मागोमाग निघतं. न रडता, न हाक मारता. बाकीचं घर झोपेत असतं आणि आजीला वाटतं, बाळ अंथरुणात आहे. बुडून मरण पावण्याचं प्रमाण जगभर १ ते ४ वर्षांच्या मुलांत सर्वांत जास्त आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याला विहीरच लागते असंही नाही. एवढं लहान मूल बादलीत डोकावलं तर डोक्याच्या भारानं आत पडतं आणि त्याला उलटं वर येता येत नाही. वीतभर पाणीही पुरतं. बुडणारं मूल ओरडत नाही, त्यामुळे ऐकू येईल या भरवशावर राहता येत नाही.

म्हणून मुलाच्या खोलीच्या आधी मागील दार. त्याला आम्ही वर, मोठ्या माणसाचाच हात पोचेल अशी कडी बसवून घेतली. बाहेर जाणाऱ्यानं दार ओढून बाहेरून वरची कडी सरकवायची, दोन मिनिटांसाठी गेलं तरी. विहिरीवर लोखंडी जाळी आहे, पाणी काढायला तिला झडप आहे, आणि झडपेला कोयंडा. डोणीवर फळ्या. न्हाणीतल्या बादल्या रात्री पालथ्या. सासूबाईंना सुरुवातीला हे जास्तीचं वाटलं. त्यांच्या चार मुलांना याच विहिरीनं वाढवलं, असं त्या म्हणत. पण तेव्हा घरात वीस माणसं होती, पहाटे कोणी ना कोणी अंगणात असायचंच. आता आम्ही पाच जण, त्यात दोन मुलं. हे त्यांनाच आधी पटलं, आणि आता कडीची आठवण त्याच आम्हाला करून देतात.

आता अर्धं दार. आमच्या वाडीतल्या सुतारानं फणसाच्या लाकडाचं करून दिलं. करून घेणार असाल तर तीन गोष्टी सांगा. एक, गज उभेच हवेत. आडवी पट्टी दिली की तिची शिडी होते. दोन, दोन गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे अंग जाऊन डोकं अडकणार नाही. उंची मुलाच्या उंचीच्या तीन चतुर्थांशांहून कमी नको. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची : खटका असा हवा की मुलाला उघडता येऊ नये, पण मोठ्या माणसाला दोन्ही बाजूंनी, काळोखात, एका हातानं उघडता यावा. दुसऱ्या हातावर मूल असतं ना. बाजारात तयार सेफ्टी गेट मिळतात तीही चालतात, फक्त दाबून बसवायची गेट जुन्या चौकटीत सैल होतात, ती आठवड्याला हलवून बघावी लागतात. अर्ध्या दारातून वारा येतो, मुलाला आमच्या खोलीतला मंद दिवा दिसतो आणि आम्हाला त्याची हालचाल ऐकू येते.

खोलीच्या मूळ दाराची आतली कडीही काढून टाका. बाहेरून कोंडण्याची चर्चा सगळे करतात, पण मूल स्वतःच आतून कडी घालून बसतं आणि मग ती काढता येत नाही म्हणून रडतं, हे जास्त वेळा घडतं. जुन्या दारांना खालीही कडी असते, ती तर आधी.

झोपायचं कुठे, यावर मी जरा जास्त बोलणार आहे. शहरातल्या आया हल्ली सांगतात की गादी जमिनीवरच टाकावी, म्हणजे मूल पडत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात हा सल्ला उत्तम आहे. कोकणात नको. मण्यार हा साप रात्री फिरतो, उंदरांच्या, पालींच्या मागावर घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचा चावा बहुतेकदा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे मूल पोट दुखतंय म्हणतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं. अशा वेळी 'रात्री काही बाधलं असेल' म्हणून ओवा देत बसू नका. १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. भारतातलं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, आणि लहान मुलाला त्याची मात्रा कमी द्यायची नसते, कारण सापानं सोडलेलं विष मूल लहान म्हणून कमी होत नाही.

विंचवाचंही तेच. लाल विंचू जांभ्याच्या फटीत, लाकडांच्या राशीत, कौलात असतो, आणि त्याचं विष लहान अंगाला फार जड जातं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरलं, त्यावर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, आणि कोकणातली कितीतरी मुलं त्यामुळे वाचली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलटी, हातपाय गार अशी लक्षणं दिसली तर उतारे आणि मंत्र यांत एक मिनिटही घालवायचं नाही.

म्हणून आमच्याकडे मुलासाठी बुटका पलंग आहे, मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या खाली. पडला तर लागू नये म्हणून खाली गोधडी, आणि ती सकाळी झटकूनच घडी घालायची. पलंग भिंतीपासून हातभर दूर. वरून मच्छरदाणी, तिच्या कडा चारही बाजूंनी गादीखाली नीट खोचलेल्या. लोंबती मच्छरदाणी डासालाही अडवत नाही आणि सापालाही. खोचलेली दोघांना अडवते, शिवाय मूल ती ओढून बाहेर येतं तेव्हा खसफस होते आणि आम्हाला कळतं. तिच्या दोऱ्या उंच बांधाव्यात, मुलाच्या हाताशी फास होईल असं टोक ठेवू नये. याच कारणासाठी धाकट्या बाळाची झोळी त्याच खोलीत आढ्याला टांगलेली असेल तर ती रात्री काढून ठेवा. मोठं मूल काळोखात त्यात शिरून गोल फिरायला लागतं आणि साडीचा पीळ मानेभोवती बसतो.

खोलीत बाकी काय असावं याची माझी कसोटी साधी आहे : मूल रात्री तीन वाजता उठून तासभर एकटं तिथे हिंडलं तर त्याला काही होईल का? होईल असं वाटणारी प्रत्येक वस्तू बाहेर. लोखंडी कपाट भिंतीला जखडायचं. नुसत्या गिलाव्यात किंवा जांभ्यात छोटा खिळा धरत नाही, गवंड्याला लांब बोल्ट घालायला सांगा. डास पळवायच्या द्रवाची बाटली, औषधं, फिनेल, कंदिलाचं रॉकेल काहीही खोलीत नको. पंख्याची लोंबती वायर नको. बटनाएवढ्या चपट्या बॅटऱ्यांचे रिमोट आणि खेळणी तर अजिबात नको, ती बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका जळायला लागते. घराच्या वायरिंगला विजेची गळती झाली की तीस मिलिअँपिअरवर आपोआप पडणारा ब्रेकर बसवून घ्या, पावसाळ्यात आमच्या भिंती घामेजतात. मेणबत्ती नाही, चार्जिंगचा दिवा.

आणि तरीही मूल उठून अर्ध्या दाराशी उभं राहतं, ते राहणारच. आषाढात समुद्राची गाज वाढते, कौलांवर झावळी आदळते, मोठी माणसंही दचकतात. आमची पद्धत अशी : जायचं, उचलायचं, पाण्याचा घोट, शू, परत पलंगावर, मच्छरदाणी खोचायची. दिवा मोठा करायचा नाही, गोष्ट सांगायची नाही, रागवायचं तर मुळीच नाही. रोज तेच घडलं की उठण्यातली गंमत जाते. वारंवार उठत असेल तर दिवसाकडे बघा. एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप हवी आणि तीन-चार वर्षांच्याला १० ते १३. दुपारी पाचपर्यंत झोपलेलं मूल रात्री नऊला झोपेल ही अपेक्षाच चुकीची आहे. पण मूल खरंच घाबरलेलं असेल, तर कुशीत घ्या. शिस्त दुसऱ्या दिवशी.

अर्धं दार कायमचं नसतं. मूल त्यावर पाय टाकून चढायला लागलं, साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास, की ते काढायचं. वरून पडण्याचा धोका आता अडवण्याच्या फायद्याहून मोठा झालेला असतो. आमच्या मोठीचं तसंच काढलं होतं, धाकट्यासाठी परत लावलं. मागील दाराची वरची कडी मात्र राहील, मुलं पोहायला शिकली तरी.

तुम्ही मुलाला घेऊन येणार असाल तर खोली ठरवतानाच त्याचं वय सांगा. रस्त्याकडची खोली देते, बुटका पलंग आणि मच्छरदाणी लावून ठेवते. रात्री बाहेर पडायचं असेल तर ओटीवरून पडा. मागील दारानं जायचं झालं तर मला उठवा, कितीही वाजलेले असोत.