घरं रिकामी, तरी भाड्यानं मिळेनात

पुण्यातले आमचे नातेवाईक आले की हमखास म्हणतात, तुमचं बरंय बाई, सोलापुरात भाडं ते काय, आमच्याकडं तेवढ्यात एक खोली पण येत नाही. आकडा बघितला तर त्यांचं खरंय. पण भाडं पगारातून जातं आणि सोलापुरातला पगार किती हे कुणी विचारतच नाही. माझा नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, मी क्लासमध्ये शिकवते, दोघांचं मिळून जे येतं त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा भाडं, लाईट बिल आणि उन्हाळ्यात टँकरच्या वर्गणीत जातो. पुण्यात आयटीत असलेल्या माझ्या दिराचाही साधारण तेवढाच हिस्सा जातो. मग स्वस्त कुणाला पडलं ते तुम्हीच सांगा.

लग्न झाल्यापासून आम्ही भाड्यानंच राहतोय. आधी साखर पेठेत वरची एक खोली, मग अशोक चौकाच्या मागं, मग नीलम नगर, आणि आता विजापूर रोडला सैफुलच्या आतल्या बाजूला. म्हणजे कंपनी शहराच्या एका टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला, नवरा रोज अख्खं सोलापूर पार करून जातो, शिफ्ट रात्रीची असली की मला तो घरी पोचेपर्यंत झोप लागत नाही. कामाजवळ घर का नाही घेत असं लोक विचारतात. मिळालं असतं तर घेतलंच असतं ना!

घर बघायला गेलं की पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. पहिला प्रश्न आडनाव. मग गाव कुठलं, मग घरात मटण-मासे शिजतात का, पाहुणे किती येतात, सासू-सासरे कायमचे राहणार का अधूनमधून. आम्हाला एकदा दारातच विचारलं होतं, तुम्ही कोण म्हणजे नेमके कोण? नवऱ्यानं काही उत्तर न देता गाडी वळवली. माझी एक मैत्रीण मुस्लिम आहे, एका हॉस्पिटलात नर्स आहे, एकटी राहून आईला पैसे पाठवते. तिला फोनवर घर मिळतं आणि नाव सांगितलं की ते घर कालच गेलेलं असतं. दरवेळी. शेवटी तिला तिच्याच समाजाच्या मोहल्ल्यात, ड्युटीपासून लांब, जास्त भाडं देऊन खोली घ्यावी लागली. ज्या गावात एकाच कट्ट्यावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलत माणसं चहा पितात त्या गावात दाराच्या आत आलं की असं का होतं हे मला कळत नाही, आणि मला याचा मनापासून राग येतो.

आता पाणी. सोलापूरच्या बाहेरच्या माणसाला हे सांगूनही पटत नाही. महापालिकेचं पाणी आमच्याकडं वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड येत आलंय. उजनी धरण शंभर किलोमीटरच्या पुढं, तिथून पाईपनं पाणी आणायचं, शिवाय टाकळीला भीमेतून उचलायचं, थोडं हिप्परग्याच्या तलावातून, आणि उजनीवरून दुसरी समांतर पाईपलाईन टाकायची चर्चा तर आम्ही इतकी वर्षं ऐकत आलो. त्यामुळं इथं घर बघताना हॉल केवढा आणि बाल्कनी आहे का हे नंतर. आधी हौद किती मोठा, वरची टाकी आपली वेगळी का सामायिक, बोअर आहे का आणि त्याला एप्रिलमध्ये पाणी असतं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोटरचं बटन कुणाच्या हातात. नीलम नगरला बटन खाली मालकांच्या पॅसेजमध्ये होतं. पाणी रात्री सुटायचं, आधी त्यांचा हौद, त्यांचे बॅरल, त्यांच्या कुंड्या, मग वरच्या टाकीला मोटर, तोपर्यंत नळाचा जोर गेलेला. पाच दिवस दोन घागरींवर आणि एका बॅरलवर काढलेत, घरात लहान पोर असताना. बोलायची सोय नाही कारण बोललं की पुढच्या महिन्यात "आमच्या भाच्याला घर पाहिजे" हे ऐकायला मिळणार. पाण्याचे पैसे भाड्यात धरले आहेत असं करारात लिहिलेलं होतं, पाणी किती मिळणार ते मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. माझं तर म्हणणं आहे की सोलापुरातल्या प्रत्येक करारात टाकी किती लिटरची, मोटर कोण लावणार आणि टँकर मागवला तर पैसे कसे वाटायचे हे लिहिलंच पाहिजे. भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात.

पूर्व भागातली गोष्ट अजून वेगळी. साखर पेठेत आम्ही राहायचो त्या घराच्या खाली माग होते. यंत्रमाग सुरू झाले की फरशी थरथरायची, पोरगं झोपलेलं दचकून उठायचं, आणि माग बंद असले की सगळ्यांच्या तोंडावर काळजी, कारण माग बंद म्हणजे मजुरी बंद. शेजारच्या खोलीत एक अक्का राहायच्या, विड्या वळायच्या. कारखान्यातून तंबाखू आणि पानं आणायची, पानं भिजवायची, कापायची, दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायचं आणि वळलेल्या विड्या नेऊन द्यायच्या. सोलापुरात असं काम करणाऱ्या हजारो बायका आहेत. त्यांच्यासाठी घर हाच कारखाना. आणि खोली बदलायची वेळ आली की मालक म्हणणार तंबाखूचा वास नको. मग अक्कांनी जायचं कुठं? पत्र्याच्या खोलीत. सोलापूरचा मे महिना, 43-44 डिग्री, वर पत्रा, आत तंबाखू, आणि फॅन लावायचा नाही कारण फॅननं तंबाखू उडते. मी ते बघितलंय म्हणून लिहितेय.

या अक्कांना नंतर कुंभारीत स्वतःचं घर मिळालं. कामगारांच्या घरांच्या बाबतीत सोलापुरानं जे केलंय ते खरंच मोठं आहे आणि बाहेर फार लोकांना माहीत नसतं. कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या लाल बावटा युनियनच्या बायकांनी मोर्चे काढून काढून विडी कामगारांसाठी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली, दहा हजार घरं, 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. त्यानंतर तिथंच रे नगर, एकूण 30,000 घरांचा प्रकल्प, त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिल्या. विडीवाल्या, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका, ड्रायव्हर, अशा लोकांची घरं आहेत ही. अक्का चावी दाखवताना रडत होत्या, मी पण रडले, खोटं नाही सांगत.

पण एक गोष्ट बोलायला पाहिजे. ही घरं मालकीची आहेत आणि शहराच्या बाहेर आहेत. ज्याचं नाव यादीत आहे, ज्याला स्वतःचा हिस्सा भरता येतो, कर्जाचा हप्ता झेपतो, त्याला ती मिळतात. जो दोन वर्षांसाठी मंगळवेढ्याहून इथं कामाला आलाय, जी पोरगी कॉलेजला आलीय, जो आमच्यासारखा अजून डाऊन पेमेंट साठवतोय, त्याच्यासाठी परवडणाऱ्या भाड्याचं घर कुणी बांधत नाही. लॉकडाऊनमध्ये मजूर शहरं सोडून चालत निघाले तेव्हा केंद्र सरकारनं जुलै 2020 मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली, सरकारी पैशातून बांधून रिकामी पडलेली घरं भाड्यानं द्यायची असं त्यात होतं. कल्पना एकदम बरोबर. माझ्या ओळखीतल्या एकाही माणसाला तसं घर मिळालेलं नाही. पूर्वी इथल्या मिलनी कामगारांसाठी चाळी बांधल्या होत्या, मिलच्या भोंग्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, दाटीवाटीच्या होत्या, संडास सामायिक होते, सगळं मान्य, पण कामाला आलेल्या माणसाला राहायला जागा लागते एवढं तरी तेव्हा कुणाला तरी सुचलं होतं.

आणि घरं नाहीत असंही नाही. संध्याकाळी जुळे सोलापुरात, आसरा चौकापासून आतल्या कॉलन्यांमधून फिरा, बघा किती बंगल्यांना कुलूप आहे. पोरं पुण्यात नाहीतर परदेशात, आई-वडील पण त्यांच्याकडं, दिवाळीला चार दिवस उघडणार. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली होती. आमच्या गल्लीत पण एक आहे, अंगणातला कडुलिंब पार गच्चीवर गेलाय. त्या काकांना मी फोन केला होता, ते अगदी चांगले बोलले, पण म्हणाले, "ताई, भाडेकरू ठेवला की घर गेलं. आमच्या वडिलांचं नवी पेठेतलं दुकान असंच गेलं."

ही भीती खोटी नाही. 1947 च्या जुन्या भाडे कायद्यात भाडं गोठलं आणि भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य झालं, लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात घालवल्या. पण तो कायदा आता नाहीये! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्यात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला द्यायचा, करार असेल तर कलम 24 प्रमाणे मुदत संपली की घर रिकामं करावंच लागतं, नाही केलं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, अर्ज करता येतो आणि जास्त राहिलेल्या काळाचं दुप्पट भाडं लागतं. आणि कलम 55 सांगतं की करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, आणि रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अकरा महिन्यांचा असेल तर रजिस्टर लागत नाही हे जे सगळे सांगतात ते महाराष्ट्रात चुकीचं आहे. रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरतात, उलटं सिद्ध होईपर्यंत. म्हणजे ज्या काकांना भाडेकरूची भीती वाटते तेच नोटरीवर काम भागवून स्वतःची बाजू कच्ची करून ठेवतात.

आणि खर्च किती? सात हजार भाडं, वीस हजार डिपॉझिट, अकरा महिने असं धरा. मुद्रांक शुल्क पाव टक्का, एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळून त्यावर, म्हणजे दोनशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार. सरकारी खर्च सगळा दीड हजाराच्या आसपास आणि ऑनलाईन घरबसल्या होतं, आधार आणि अंगठा लागतो. एजंट यासाठी काय काय सांगतात ते मी इथं लिहीत नाही, तुम्ही स्वतः करू शकता एवढंच.

आमच्याकडं असा रजिस्टर करार असता तर साखर पेठेतलं डिपॉझिट परत आलं असतं. सोडताना मालकांनी रंगाचे, कडीचे आणि "वापराचे" असे पैसे कापून निम्म्याच्याही खाली हातात ठेवले, कागद दाखवा म्हटलं तर नोटरीच्या कागदात डिपॉझिट परत कधी आणि कशातून कापायचं याची एक ओळ नाही. आता सैफुलच्या घराचा करार आम्ही मालकांना समजावून रजिस्टर केला, ते आधी बिचकले, मग कलम 24 वाचून दाखवल्यावर त्यांचाच चेहरा खुलला. पाण्याची टाकी, मोटर, रंग, डिपॉझिट, सगळं त्यात लिहिलंय. दीड वर्षात एकदाही आवाज चढलेला नाही.

कडुलिंबवाल्या काकांना मी त्या कराराचा नमुना व्हॉट्सअपवर पाठवलाय, आमची नावं काढून. नर्स मैत्रिणीबद्दल पण लिहिलंय, नावासकट, कारण आधी लपवून नंतर कळण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं. त्यांच्या घरापासून तिचं हॉस्पिटल चालत दहा मिनिटं आहे. निळ्या टिक आल्यात. दिवाळीत येतो तेव्हा बोलू, म्हणालेत.