टाकीकडचा सडा आणि आमची नाहरकत

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावची पाण्याची टाकी सड्यावर, कातळाच्या पठारावर आहे, म्हणजे पाणी चढावरून आपसूक वाड्यांवर उतरते. शेजारीच कुंपणात ट्रान्सफॉर्मर. या दोन कुंपणांभोवतीचा तुकडा फार तर चार अंगणांएवढा. 2002च्या कायद्याप्रमाणे पंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते. तिच्यावर माझे नाव आले तेव्हा मी जपायला हाच तुकडा मागितला. तिथे कोणाचा डोळा नव्हता, हे मुख्य कारण.

आधी एक-चौदाचा, म्हणजे गोव्यातल्या सातबाराचा, उतारा काढला. कुंपणाबाहेरची जमीन पंचायतीची निघाली, त्यामुळे नाहरकत घरातच मिळण्यासारखी होती. पण रविवारच्या ग्रामसभेत भलतेच झाले. सगळ्यांना उत्साह आला! ट्रकभर माती टाकू, गुलमोहर लावू, वनमहोत्सव करू. मी उभा राहून ‘काहीच लावायचे नाही’ म्हणालो, तर लोक हसले.

वाद घालून उपयोग नव्हता. जोराचा पाऊस लागल्यावर पंचांना आणि दोघा-तिघा जाणत्यांना वर नेले. उन्हाळ्यात काळा कातळ दिसतो तिथे बोटभर मातीत सीतेची आसवे फुलली होती, निळी-जांभळी. एक रोप पाण्यासकट तळहातावर घेऊन दाखवले. त्याला मोहरीहून बारीक पिशव्या असतात. कातळावरच्या मातीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून हे झाड त्या पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून भूक भागवते. इथे सुपीक माती ओतली की गवत आणि रानमोडीचे तण माजणार आणि ही फुले जाणार, एवढे सांगितल्यावर गुलमोहराचा विषय मागे पडला. सड्याला ओसाड म्हणायची आपली सवय मात्र एका फेरीत जात नाही.

खरी बोलणी लाइनमनशी झाली. ‘झाड वाडलें काय तारेक लागतलें,’ हे त्याचे पहिले वाक्य, आणि ते खरेच होते. त्याच्या अटी मी जशाच्या तशा लिहून घेतल्या: कुंपणाच्या आत खडीच राहील, एक काडी उगवता नये; अर्थिंगच्या खड्ड्याकडे जायची वाट मोकळी; स्टे वायरवर, खांबाला ताणून धरणाऱ्या तारेवर, वेल चढू द्यायचा नाही; कुंपणाला लागून चारही बाजूंनी पट्टा कायम साफ, कारण सुके गवत आणि ठिणगी यांचे जमत नाही. पलीकडे काय उगवते त्याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते.

मग उरला कापणीचा प्रश्न, आणि सगळा फरक तिथेच पडला. पूर्वी ऐन पावसात ग्रास कटर फिरायचा आणि वर तणनाशक. ते औषध ठरावाने बंद केले. कापणी दिवाळीनंतर नेली. तोवर बी पडून गेलेले असते आणि गवत पुरते वाळलेलेही नसते. कापलेले गवत तिथे ठेवायचे नाही, गोठ्यात न्यायचे. रानमोडी तेवढी फुलायच्या आधी मुळासकट उपटायची. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला माणसे मिळत नाहीत.

बायकांचा पाठिंबा माटोळीमुळे, गणपतीवर रानातली फळे-फुले टांगायच्या चौकटीमुळे, आला. चवथीला तिच्यात लागणाऱ्या घागऱ्या, खुळखुळणाऱ्या शेंगांची झुडपे, आता टाकीच्या मागच्या उताराला वाढतात. तोडा, पण निम्म्या शेंगा ठेवा, असे ठरले आहे आणि बहुतेक जणी पाळतात. त्याच झुडपांच्या सुकत्या भागांवर निळ्या-काळ्या पट्ट्यांची फुलपाखरे सोंड खुपसून बसतात. नर त्यातून घेतलेल्या रसायनापासून मादीला ओढणारा गंध तयार करतात. शाळेची मुले पंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीसाठी त्यांचे फोटो काढतात.

टाकी धुतल्यावरचे ब्लीचिंग पावडरचे पाणी मात्र अजून थेट सड्यावर सुटते. ते शोषखड्ड्यात नेणाऱ्या पाइपचा अर्ज दिला आहे; पैसे कोणत्या खात्यातून यायचे यावर तो सध्या अडला आहे.