काताकोलोहून ऑलिंपिया: जहाजाच्या एका दिवसात, आपले आपण

इटलीहून निघालेल्या आमच्या क्रूझचा पहिला थांबा काताकोलो होता. ग्रीसमधल्या पेलोपोनीस द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे बंदर एवढुसं आहे की जहाजाच्या वरच्या डेकवरून सगळं गाव एका नजरेत मावतं. इथे जहाजं थांबतात ती ऑलिंपियासाठी, रस्त्याने पाऊण तासावर असलेल्या मूळ ऑलिंपिकच्या जागेसाठी. आम्ही चौघं होतो: मी, नवरा, सोळा वर्षांची मुलगी आणि माझे बाबा. बाबा मूळचे कराडकडचे. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्या गावाहून जवळच. तरुणपणी बाबांनी तालमीत घाम गाळला आहे, आणि 1952 च्या हेलसिंकीतलं कांस्यपदक हा त्यांच्यासाठी अगदी घरातला विषय आहे. ऑलिंपिया त्यांना बघायचंच होतं, आणि मला ते त्यांना घाई न करता दाखवायचं होतं. म्हणून जहाजाने आखलेली ऑलिंपियाची सहल न घेता आम्ही आपले आपण गेलो.

आधी हिशेब वेळेचा. जहाजाच्या सहलीत बस अडकली तर जहाज थांबतं. स्वतःच्या जबाबदारीवर गेलात तर ते थांबेल असं धरून चालू नका. त्यामुळे सगळं नियोजन शेवटाकडून उलटं करायचं. जहाज पाचला सुटणार होतं आणि सगळ्यांनी साडेचारला आत असायचं होतं. आम्ही ठरवलं की दोन वाजता ऑलिंपिया सोडायचंच, म्हणजे पावणेतीनपर्यंत बंदरावर. हातात पावणेदोन तास राहतात. टायर पंक्चर झाला, गाडी आलीच नाही, तरी दुसरी शोधायला एवढा वेळ पुरतो. जहाज सकाळी आठला धक्क्याला लागतं (इथे छोट्या बोटींतून किनाऱ्यावर न्यावं लागत नाही, हा मोठाच फायदा), साडेआठला आपण खाली उतरतो, सव्वानऊला ऑलिंपियाच्या दारात. जवळजवळ पावणेपाच तास मिळाले. सहलीच्या तिकिटावर प्रत्यक्ष अवशेषांमध्ये साधारण दोन तास लिहिलेले होते.

जायला तीन मार्ग आहेत. एक रेल्वे: पिर्गोसवरून ऑलिंपियाला जाणारी मीटर गेजची छोटी गाडी. पेलोपोनीसमधल्या मीटर गेज रेल्वेची बहुतेक वाहतूक 2011 मध्ये बंद पडली, त्यातून हा तुकडा टिकून आहे. काताकोलोचं स्टेशन धक्क्यापासून चालत जाण्याजोगं आहे आणि भाडंही थोडं. पण गाड्या मोजक्या असतात आणि वेळापत्रक बदलतं, म्हणून जाण्याआधी ते बघूनच ठरवा. दुसरा मार्ग बस: धक्क्यावरून बाहेर पडलं की खासगी बसवाले जाऊन-येऊन माणशी ठरलेल्या भाड्यात नेतात. परतीच्या वेळा त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. तिसरा मार्ग टॅक्सी. बाबांचे गुडघे आणि आम्ही चौघं, म्हणून आम्ही टॅक्सी केली. चौघांत वाटल्यावर ती डोईजड होत नाही. भाडं बसण्याआधी ठरवा, युरोतल्या सुट्या नोटा जवळ ठेवा आणि सगळे पैसे परत आल्यावरच द्या. आमचा चालक आपण होऊनच म्हणाला, "पैसे बंदरावर."

आम्ही गेलो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. ऊन होतं, पण सोसवणारं. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर उन्हाला हलक्यात घेऊ नका. 2023 आणि 2024 च्या उष्णतेच्या लाटांमध्ये अथेन्सचं अक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलं होतं. टोपी, माणशी एक लिटर पाणी आणि बंद बूट हवेतच. वाटा खडीच्या आहेत आणि झाडांच्या मुळांवरून, दगडांच्या कडांवरून चालावं लागतं. बाबांची काठी फार कामाला आली. तिकीट आदल्या रात्री सरकारी संकेतस्थळावरून काढलं. एकाच तिकिटात अवशेष आणि संग्रहालय दोन्ही येतं, तेव्हा दुसरं कोणी विकायला आलं तर घेऊ नका.

आता माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला: आत शिरल्यावर काहीही न बघता थेट स्टेडियमकडे चालू लागा. गटांचे गाईड दारापाशी व्यायामशाळेच्या खांबांजवळ थांबून बोलायला लागतात, आणि त्या वीस मिनिटांत स्टेडियम तुमच्या एकट्याचं असतं. वाटेत डावीकडे दगडी चौथऱ्यांची एक रांग लागते, तिथे मात्र थोडं थांबा. हे 'झानेस'चे, म्हणजे झ्यूस या ग्रीकांच्या मुख्य देवाच्या पुतळ्यांचे चौथरे. स्पर्धेत लबाडी करणाऱ्यांकडून दंड घेऊन त्या पैशातून झ्यूसचे कांस्य पुतळे उभारत. पहिले सहा इ.स.पू. 388 मधले: थेसलीच्या युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने तीन प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले होते. पुतळे गेले, चौथरे उरले, आणि ते अगदी स्टेडियमच्या तोंडाशी आहेत. मैदानात उतरणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्यासमोरूनच जावं लागे.

पुढे दगडी कमानीचा बोळ आणि मग एकदम मोकळं मैदान. दोन्ही बाजूंना गवताचे उतार. बसायला दगडी पायऱ्या कधी नव्हत्याच, सुमारे 45 हजार माणसं मातीवर बसत. जमिनीत बसवलेली दगडी आरंभरेषा अजून आहे. तिच्यात दोन समांतर खाचा आहेत, पायाची बोटं रोवायला. मुलीने बूट काढले, बोटं खाचेत अडकवली आणि पळाली. इथून पलीकडच्या रेषेपर्यंत 192 मीटर आणि थोडं वर. इ.स.पू. 776 च्या पहिल्या नोंदलेल्या स्पर्धेत एलिसचा कोरोइबोस एवढंच अंतर धावून जिंकला होता. बाबा उतारावर बसून टाळ्या वाजवत होते. पंधरा मिनिटांनी बोळातून पहिला गट आला आणि मैदान भरलं.

परत फिरताना झ्यूसची पत्नी हेरा हिचं देऊळ. साधारण इ.स.पू. 600 चं, सुरुवातीला लाकडी खांबांचं. एकेक खांब कुजेल तसा दगडाचा बसवत गेले, म्हणून प्रत्येक खांबाची घडण वेगळी आहे. जवळ जाऊन खांबांच्या जाडीकडे आणि खाचांकडे नीट बघा. इसवी सनाच्या 2ऱ्या शतकात पॉसेनियस हा ग्रीक प्रवासी-लेखक इथे आला तेव्हा एक ओकचा खांब अजून उभा होता, असं त्याने लिहून ठेवलं आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकपासून खेळांची ज्योत याच देवळासमोर आरशाने सूर्यकिरण एकवटून पेटवतात.

झ्यूसच्या देवळाने मला जास्त धरून ठेवलं. एलिसच्या लिबोनने बांधलेलं हे देऊळ इ.स.पू. 456 च्या सुमारास पुरं झालं, आणि 6व्या शतकातल्या भूकंपांनी पाडलं. खांबांचे तुकडे जसे पडले तसेच आहेत, जात्याच्या तळ्या एकावर एक रचून कोणी ढकलून द्याव्यात तसे ओळीने कलंडलेले. 2004 मध्ये एकच खांब पुन्हा उभा केला, तेवढ्यावरून बाकीच्यांची उंची कळते. दगडाजवळ वाका: त्यात शिंपले आहेत. बोटाच्या पेराएवढे, कडांसकट, स्पष्ट. इथला स्थानिक दगडच शिंपल्यांचा, त्यावर पांढरा गिलावा देऊन संगमरवरासारखा दाखवला होता. गिलावा बहुतेक निघून गेला आहे. दगडांवर चढू नका. पहारेकरी शिट्टी वाजवतात, आणि योग्यच करतात.

शेवटी पॅलेस्ट्रा, कुस्तीगिरांची तालीम. मधे चौकोनी अंगण, भोवती दुहेरी नव्हे पण दाट खांबांची ओळ, तिच्यामागे खोल्या. मल्ल अंगाला तेल लावत, वरून बारीक माती चोळत आणि मग भिडत. कुस्ती तीनदा पाडल्यावर जिंकली जाई. मी हे वाचून दाखवत होते. बाबा म्हणाले, "आपल्या हौद्यातल्या मातीतही तेल घालतात की. ताक, हळद, लिंबू. माती अंगाला बाधू नये म्हणून." मग काठी माझ्या हातात दिली, खाली वाकले, दोन बोटं जमिनीला टेकवली आणि कपाळाला लावली. हौद्यात उतरताना करतात तसं. मी काही बोलले नाही. आम्ही तिथे पाऊण तास बसलो. सहलीबरोबर आलो असतो तर एवढा वेळ बसता आलं नसतं.

बारा वाजता ऊन चढलं की संग्रहालयात जा. रस्ता ओलांडून थोडंसं चालावं लागतं, आत गारवा आहे. मधल्या दालनात झ्यूसच्या देवळाच्या दोन्ही दर्शनी त्रिकोणांतली शिल्पं समोरासमोर मांडली आहेत. पश्चिमेकडच्यात मारामारीच्या मधोमध हात पसरून उभा अपोलो आहे, तो चुकवू नका. शिल्पकार प्राक्सिटेलीसचा म्हणून ओळखला जाणारा हर्मीस देवाचा पुतळा स्वतंत्र दालनात आहे, गर्दीही तिथेच. पण मला विचाराल तर फिडियासचं भांडं शोधा. झ्यूसची सोन्याची आणि हस्तिदंताची, सुमारे बारा मीटर उंचीची मूर्ती घडवणारा हा शिल्पकार. मूर्ती नष्ट झाली, पण तिच्या कार्यशाळेच्या उत्खननात एक लहानसं काळं भांडं सापडलं. बुडावर खरवडून लिहिलं आहे: 'मी फिडियासचं'. बाबा काचेला नाक लावून म्हणाले, "भांड्यावर नाव घातलंय." आमच्या घरातल्या प्रत्येक तांब्यावर आजीचं नाव ठिपक्यांनी कोरलेलं आहे, त्याबद्दल बोलतात त्याच आवाजात.

इथेच आमची एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. ग्रीसची वेळ इटलीपेक्षा एक तास पुढे. जहाजाने आदल्या रात्री घड्याळं पुढे केली होती, पण माझा फोन खर्च टाळायला विमान-मोडवर होता आणि इटलीचीच वेळ दाखवत होता. मी निवांत होते, पावणेएक वाजला आहे अशा समजुतीत. मुलीने भिंतीवरचं घड्याळ बघितलं: पावणेदोन. टॅक्सी दोनला ठरली होती, ती गाठली, पण गावात बसून जेवायचं राहिलं. उतरण्याआधी जहाजाच्या घड्याळाशी हातातलं घड्याळ लावा आणि दिवसभर तेच बघा. बंदरातल्या एजंटचा फोन नंबर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक महत्त्वाचं: क्रूझ मधेच तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येत असेल, जशी आमची कुशादासीला जात होती, तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा) एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो. अर्ज करतानाच जहाजाचा पूर्ण मार्ग जोडा. पासपोर्ट बऱ्याचदा जहाज आपल्याकडे ठेवतं, म्हणून त्याची आणि व्हिसाची छापील प्रत जवळ असू द्या.

आम्ही जेवलो ते काताकोलोतच, पाण्याकाठच्या टेबलावर, जहाज समोर दिसत असताना. शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत: पालकाची स्पॅनाकोपिता (आत फेटा चीज असतं), टोमॅटो-काकडीचं गावरान सॅलड, आणि झुकिनीची तळलेली भजी, जी बाबांनी दोनदा मागवली. सव्वाचारला आम्ही जहाजावर चढलो.