बोर्डाचा भाव आणि हातात पडणारे पैसे

रविवारी रावेरहून आप्पांचा व्हिडिओ कॉल आला, मागे केळीची बाग दिसत होती आणि पहिलाच प्रश्न, "गेम किती खपला रे भो?" मी म्हटलं ४ हजार कॉप्या गेल्या. आप्पांनी तोंडीच हिशोब मांडला, २० युरोने ८० हजार, ते रुपयात किती झाले म्हणून खूश. मंग मला सांगावंच लागलं की आप्पा, हा बोर्डाचा, म्हणजे जाहीर होणारा भाव आहे, बांधावर व्यापारी देतो तो नाही. ते लगेच समजले, केळीवाल्याला हे वेगळं काय सांगायचं.

मी इथे स्वीडनला, माल्मोत, छोट्या गेम स्टुडिओत आहे. इथल्या गिऱ्हाईकाने २० युरोला गेम घेतला तर त्या किमतीतच २५ टक्के मोम्स असतो, म्हणजे आपल्या जीएसटीसारखा कर, ते ४ युरो सरकारचे. उरलेल्या १६ मधून स्टीम, म्हणजे जिथे गेम विकला जातो ते ऑनलाइन दुकान, ३० टक्के कापतं, राहिले ११.२०. हा कट कमी होतो, पण १ कोटी डॉलरच्या पुढे विक्री गेली तर २५ आणि ५ कोटींच्या पुढे २० टक्के, म्हणजे ज्यांचं आधीच भरपूर खपतं त्यांनाच सूट, मला हे काही पटत नाही. एपिक या दुसऱ्या दुकानाचा दर मुळात १२ टक्के, तोही २०२५ पासून वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत शून्य, पण आमचं गिऱ्हाईक स्टीमवरच जास्त. शिवाय १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून कोणी गेम परत केला तर ते पैसे वजा, आणि सेलमध्ये अर्ध्या किमतीत गेला की वरचे सगळेच आकडे अर्धे.

पण खरं दुखणं पुढे आहे. गेम बनवायला आम्ही पब्लिशरकडून, म्हणजे गेममध्ये पैसे घालून तो बाजारात आणणाऱ्या कंपनीकडून, १ लाख युरो उचल घेतलेली, ११.२० चे निम्मे त्यांचे निम्मे आमचे असा करार, आणि उचल फेडायची ती फक्त आमच्या निम्म्यातून. म्हणजे कॉपीमागे ५.६० ने फिटायला जवळपास १७,९०० कॉप्या लागतात, तेच आधी पूर्ण ११.२० मधून उचल वळती केली असती तर ८,९०० च्या आसपास काम झालं असतं. सही करताना आम्ही सगळे टक्केच बघत बसलो, ही एक ओळ कोणी नीट वाचलीच नाही, आणि ४ हजार कॉप्या जाऊनही आमच्या हातात अजून एक युरो आलेला नाही.

आप्पा जरा वेळ गप्पच झाले, मग म्हणाले, "म्हणजे उचल तुम्ही फेडणार, आन त्यांचा वाटा पहिल्या दिवसापासून चालू?"

हो आप्पा, तसंच.

जळगाव-भुसावळची इंजिनिअरिंगची पोरं मला मेसेज करतात की दादा पब्लिशर किती टक्के देतो, त्यांना मी आता आधी हेच विचारतो की उचल कशातून कापणार ते लिहिलंय का, आणि विक्रीचा हिशोब दर महिन्याला मिळणार की तीन महिन्यांनी. आमच्या दुसऱ्या गेमची बोलणी चालू आहेत, तिथे आम्ही उचल एकूण रकमेतून कापा असं लिहून मागितलंय, त्यांचं उत्तर अजून यायचंय.