बांधावरचे कप : ऑक्टोबरची नोंद

आधी कबुली. मागच्या महिन्यात ‘आल्याच्या रानात बांधापेक्षा दुप्पट जीव आहेत’ असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. आकडा बरोबर होता. अर्थ साफ चुकला होता.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: जमिनीवर चालणारे किडे मोजायला मी खड्ड्यातले कप वापरतो. रान कोरेगाव तालुक्यातलं, आमचंच. आठ कप आल्याच्या सऱ्यांत, आठ शेजारच्या तणवट बांधावर, ४८ तास. खड्ड्यात एकात एक असे दोन प्लास्टिकचे ग्लास बसवायचे, म्हणजे आतला उचलताना कडेची माती ढासळत नाही. कड जमिनीच्या तंतोतंत पातळीत हवी; नखभर जरी वर राहिली तरी भुंगेरा तिला वळसा घालून निघून जातो. आत खारं पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. पाण्याचा ताण मोडला की कोळी तरंगत नाही. वर तीन दगडांवर फुटकं कौल, नाहीतर परतीचा पाऊस सगळं वाहून नेतो. पहिल्या खेपेला एक बेडूक मेला, तेव्हापासून तोंडावर कोंबड्यांच्या जाळीचा तुकडा ठेवतो.

तिसरी रांग घेवड्यात होती. घेवडा निघाला, शाळवाच्या पेरणीला कुळव फिरला आणि कपही गेले. कुळवणारा मीच, त्यामुळे बोलायची सोय नाही.

तर आकडे. आल्यात १४९ जीव, ९ प्रकार. बांधावर ७१ जीव, १९ प्रकार. (प्रकार म्हणजे भिंगाखाली दिसण्यावरून वेगळे काढलेले, प्रत्येकाची शास्त्रीय जात ओळखण्याइतका मी शिकलेलो नाही.) आल्यातल्या १४९ पैकी १२१ एकाच तऱ्हेच्या काळ्या मुंग्या, त्यातल्या ९४ चौथ्या कपात. उकरून पाहिलं तर कपापासून वीतभर अंतरावर वारूळ! म्हणजे मी रान मोजतच नव्हतो, एका घराच्या दारात पोतं धरून उभा होतो. मुंग्यांपुरती यापुढे संख्या लिहायची नाही; किती कपांत आल्या एवढंच लिहायचं.

विविधता मोजायचा सिम्पसनचा हिशोब कंटाळवाणा वाटतो, पण इथे कामाला आला. ढिगातून डोळे मिटून दोन जीव उचलले तर ते एकाच प्रकारचे निघण्याची शक्यता काढायची आणि एकाला तिने भागायचं. आल्याचं उत्तर आलं १.५, बांधाचं ९.८. म्हणजे नऊ प्रकारांच्या यादीतलं आल्याचं रान प्रत्यक्षात दीड प्रकारावर चाललंय.

बांधावरच्या १९ पैकी ८ प्रकार एकदाच सापडले, ३ दोनदा. एकदाच्यांचा वर्ग भागिले दोनदाच्यांची दुप्पट, म्हणजे ६४ भागिले ६. हे १९ मध्ये मिळवलं की, न सापडलेलेही धरून एकूण प्रकारांचा अंदाज देणाऱ्या चाओंच्या सूत्राने, किमान ३० येतात. अकरा तरी अजून गवतात बसून माझ्याकडे बघतायत. एकदाच दिसणाऱ्यांची संख्या बघून दचकू नका. मलायात फुलपाखरं गोळा करणाऱ्या कॉर्बेटच्या यादीत ११८ जाती एकेकदाच सापडल्या होत्या, ७४ दोनदा. (वाघवाला जिम नव्हे, हा अलेक्झांडर स्टीव्हन.) त्या यादीवरूनच संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९४३ साली जीव किती आणि जाती किती याचं गणित मांडलं.

मुंग्या वगळल्या तरी एक कोडं उरलं. मोठ्या काळ्या शिकारी भुंगेऱ्यांचे आल्यात ८ सापडले, बांधावर ६. भरणी (बुंध्याला माती चढवणं) होऊन सरी ताटासारखी स्वच्छ, वर आळवणी (मुळाशी औषध ओतणं) झालेली, तरी तिथे जास्त कसे?

मग कप सोडून चौकट घेतली. पत्र्याची, मीटर बाय मीटर, जमिनीत दाबून बसवायची आणि आतलं गवत मुळापासून विंचरत हाताने शोधायचं. बांधावरच्या एका चौकटीला दीड तास लागला, आल्यातल्या चौकटीला वीस मिनिटं. प्रत्येकी पाच चौकटी केल्या. तेच भुंगेरे बांधावर ९, आल्यात २. शिवाय वाणी किडा, गोगलगाय, आणि एक बॉम्बार्डियर भुंगेरा, ज्याने चिमटीत धरताच फट् करून फवारा उडवला. बोट आठवडाभर तपकिरी राहिलं, घरी सगळ्यांनी तंबाखूचा संशय घेतला.

उलगडा असा की कपात पडतो तो चालणारा. मोकळ्या सरीत भुंगेरा सुसाट पळतो, रात्रभरात दोन-तीन कपांच्या वाटेत येतो. गवतात तो अडखळत चालतो आणि खायला जवळच असल्यावर लांब जायची गरजही नसते. कप जिवांची वर्दळ मोजतो, वस्ती नाही. स्वच्छ रान आणि गचपण यांची तुलना नुसत्या कपांवर केली तर स्वच्छ रान नेहमी आहे त्यापेक्षा भरलेलं दिसणार. सप्टेंबरमधल्या माझ्या बढाईवर तेवढी दुरुस्ती करून घ्या.

दुसरी खोट तशीच आहे. एका बांधावर आठ कप म्हणजे आठ बांध होत नाहीत. फरक पडला तो गवतामुळे, की कडेच्या त्या बाभळीमुळे, हे एका बांधावरून कळणार नाही. शेजारचे दोन बांध मागून घेतलेत. तिसरा मालक म्हणतो, आधी नांगर लागू दे.

आमच्या बांधाचं वेगळंच चाललंय. तात्या म्हणाले, “आरं, बांधाला औषद मारून टाक की. हुमणी तितनंच येतीया.” मी म्हटलं, “तात्या, अर्ध्याच बांधाला मारू. अर्धा तसाच ठेवू, मला दोन्हीकडचं मोजायचंय.” बराच वेळ सुपारी कातरून झाल्यावर ते कबूल झाले. अट एकच: कपात हुमणी सापडली की आधी त्यांना आणून दाखवायची. हुमणी म्हणजे पिकाची मुळं खाणारी अळी, ती मातीच्या आत असते, ती चालत येऊन माझ्या कपात पडणार नाही, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.